दोघांचं एकच रिटर्न

शाळेत कुणाला हे ठाऊक नाही, माझ्या सख्ख्या भावाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

आधी एक – इन्कम टॅक्समधलं मला कळतं. फुशारकी नाही ही. जुलै आला की कळंबच्या आमच्या शाळेतले निम्मे शिक्षक कागद घेऊन माझ्या टेबलाशी येतात. माझं रिटर्न कधी चुकलं नाही, त्यांचंही मी चुकू दिलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी बायको सुनंदा ब्लाउज शिवते. लग्नसराईत आमच्या ओसरीत बाया रांग लावतात. पूर्वी लोक आमच्या गल्लीतला पत्ता सांगायचे, 'मास्तरांच्या घराजवळ'. मग सांगू लागले, 'शिवणवाल्या ताईंच्या घराजवळ'. घर तेच, मीही तोच – पण मला ते लागलं. का लागावं? बायकोचं नाव झालं तर नवऱ्याचं काय जातं? काही नाही. तरी लागलं.

त्याच वर्षी तिनं विचारलं, "अहो, माह्यंबी रिटर्न भरा लागते काय?" आणि मी – ज्याला कळतं, तो मी – म्हणालो, "नवरा-बायकोचं एकच राह्यते. तुयं माह्यात टाकतो."

आपल्याकडे असं काही नाही. ज्याचं त्याचं वेगळं. वेगळं भरलं असतं तर तिला एक पैसा कर बसला नसता. तिची कमाई माझ्या पगारावर चढवून मीच जास्तीचा कर भरत होतो. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात ना – तो मी सात वर्षं केला, दरवर्षी, अगदी मुदतीच्या आत. तिच्या नावाचा एक कागद कुठे असू नये, एवढ्यासाठी.

मग बसस्टँडजवळचा एक गाळा रिकामा झाला. तिला तो हवा होता – तीन मशिनी, हाताखाली दोन पोरी, वर तिच्या नावाची पाटी. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता. कर्जासाठी आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी तिची तीन वर्षांची रिटर्न मागितली. ती तोऱ्यात म्हणाली, "आमचं दोघायचं एकच राह्यते. हे भरतेत ना, यायले सारं समजते."

साहेब हसले. "तसं काही नसते, ताई. तुमचं रिटर्नच नाही, तं तुमची कमाई दिसन कुठून?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. तिथं तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "मले मालूम नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं – आणि तेही खोटं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बाहेरच्या टपरीवर तिनंच माझ्यासाठी चहा सांगितला. "जाऊ द्या," म्हणाली, "सारंच कसं मालूम राहीन माणसाले?" तो चहा मी प्यालो. गाळा दुसऱ्यानं घेतला, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. ती अजून ओसरीतच शिवते.

आता तिचं रिटर्न मी वेगळं भरतो. पण शिकवण्या घेणारी, डबे देणारी कुणी बाई ब्लाउज शिवायला आली, की सुनंदा मशीन थांबवून तिला बजावते, "तुयं येगळं भर, बाई. आमच्या यायचीबी चूक झालती. यायले मालूमच नव्हतं." मी आतल्या खोलीत असतो, मला सगळं ऐकू येतं.

मला मालूम होतं. पहिल्या दिवसापासून.