तिसरी बॅटरी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे म्हणजे दोघीच, मी आणि सासूबाई. नवरा जहाजावर असतो, वर्षातून दोनदा पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच कपाटातलं काहीतरी हरवून जातो. त्यामुळे त्या शनिवारी मी वॉरंटीचं कार्ड हातात घेऊन भांडायच्या तयारीने निघाले, तेव्हा सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की मीही येऊ का.

भांडण बॅटरीवरून होतं, त्याच सकाळी गाडी उठली नव्हती. आमच्या गाडीच्या तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बसल्या. आता गाडी दिवसभर धावत असती तर मी समजू शकले असते. पण ती कुठे जात नाही की येत नाही. घराखालच्या पत्र्याच्या छपरात उभी असते, आणि उभ्या उभ्या बॅटऱ्या खाते. दोन्ही बॅटऱ्या एकाच दुकानातून आलेल्या. मी हिशेब लावला: दुकानदार आम्हाला टोपी घालतोय.

गाडी सासऱ्यांची. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. साहेबांच्या, साहेबांच्या बायकांच्या, एका साहेबांच्या तर कुत्र्यालाच रोज फिरवून आणायचे. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी ही जुनी गाडी घेतली आणि तिला इतकं पुसलं की रंग उडायचा बाकी राहिला. त्याच सुमारास त्यांनी सासूबाईंनाही गाडी शिकवली. लायसन्सही काढून दिलं. मग एका चौकात गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि सासरे सासूबाईंवर खेकसले. त्या शांतपणे खाली उतरल्या, पायी घरी आल्या आणि त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. बाई तशी मऊ, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. "थांबा हं, जोडून देते," हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती लाख वेळा म्हटलं असेल कोण जाणे. अजूनही भाजीवाला सुट्टे पैसे शोधत असला की त्या "थांबते हं" असं म्हणतात, की त्या बिचाऱ्याला घाई करायची लाज वाटते. घरात मी दिवसभर बडबडणार आणि त्या ऐकणार. दाताच्या दवाखान्यात मी लोकांच्या अपॉइंटमेंटा आणि नखरे सांभाळते, तिथला सगळा राग संध्याकाळी घरी आणून ओतते. त्या तो न बोलता पोटात घालतात.

सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दवाखान्यात जाताना त्यांनी सासूबाईंच्या हातात किल्ली दिली. रोज सकाळी पाच मिनिटं गाडी चालू कर, बॅटरी उतरू देऊ नकोस, म्हणाले. ते परत आलेच नाहीत. आणि सासूबाईंनी सकाळ चुकवली नाही.

सात वाजता त्या खाली जायच्या. थंडी असो, अंगात ताप असो. सासरे ताडमाड, त्यांनी सीट पार मागे ढकललेली. सासूबाई माझ्या खांद्याला येतात. मग त्या सीटच्या अगदी कडेवर बसायच्या, एका हाताने स्टिअरिंग धरून पाय लांबवायच्या आणि पायाच्या बोटांनी कसाबसा क्लच दाबून किल्ली फिरवायच्या. घड्याळ लावून पाच मिनिटं. सहावं नाही. एकदा गाडी झाडताना मी सीटखालचा दांडा ओढायला गेले, म्हटलं पुढे घेऊ या, तुमचं मेलं रोजचं लोंबकळणं तरी थांबेल. तेव्हा त्या जिन्यावरून ओरडल्या, "राहू दे ती सीट." माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्यांचा तो आवाज तेवढाच एकदा ऐकलाय. पुन्हा मी त्या दांड्याच्या वाटेला गेले नाही.

तर आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे ॲसिडकाका म्हणतात. सदऱ्याला पोटापाशी बारीक बारीक भोकं, ॲसिड उडून पडलेली, आणि जिभेलाही तोच गुण. सासऱ्यांची आणि त्यांची जुनी ओळख होती. मी काउंटरवर कार्ड आपटलं आणि सुरू झाले. ही चौदा महिन्यांत बसली, आधीची त्याहूनही लवकर. आता जरा मोठी द्या, ट्रकची असते तसली, म्हणजे एकदाची कटकट मिटेल. आणि फुकट द्या, वॉरंटी आहे.

ॲसिडकाकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. आम्ही बॅटरी काढून पिशवीत घालून आणली होती, म्हणजे मीच आणली होती, हात खांद्यापासून निखळायचा बाकी होता. त्यांनी तिला दोन चिमटे लावले, काटा बघितला आणि पुसट पांढऱ्या रंगातली तारीख अंगठ्याने पुसून वाचली. त्यांची एक रीत आहे. नवी बॅटरी देण्याआधी गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारतात: गाडी कोण चालवतं, रोज किती चालते आणि रात्री कुठे उभी असते. उत्तरं मिळाल्याशिवाय मागच्या फळीला हात लावत नाहीत. मागच्या दोन्ही वेळी माझा नवरा आला होता, सुट्टीवर असताना. त्याने काय थापा मारल्या असतील त्या असोत. या वेळी त्यांनी मान वळवून सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी सांगितलं. रोज सकाळी पाच मिनिटं, जागच्या जागी. एक दिवस चुकवलेला नाही, हे त्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं.

ॲसिडकाका स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी फडक्याने हातच पुसले. मग मला म्हणाले की कार्ड बरोबर आहे, मागाल तर नवी द्यावीच लागेल, आत्ता देतो. पण वर्षाने तुम्ही परत याल. आणि मोठी दिली तर ती तुमच्या गाडीच्या खाचेत बसणार नाही, बसली तरी उपाशीच मरेल. गाडी चालू करताना बॅटरीतून एकदम मोठा घास जातो. तो भरून यायला गाडी रस्त्यावर चांगली अर्धा-पाऊण तास पळावी लागते. जागच्या जागी पाच मिनिटांत निम्मासुद्धा भरत नाही. रोज थोडं थोडं कमी पडत जातं, आतल्या पट्ट्यांवर पांढरा क्षार धरतो आणि एक दिवस बॅटरी उठत नाही. कंपनीचा दोष नाही. माझाही नाही.

कोणाचा, ते त्यांनी म्हटलं नाही. पण दुकानात आम्ही तिघंच होतो. सासूबाईंनी पर्स छातीशी धरली.

"म्हणजे मीच घालवल्या," त्या म्हणाल्या. "पण त्यांनीच सांगितलं होतं, भाऊ."

मला त्या क्षणी असं वाटलं की कार्ड फाडावं, ॲसिडकाकांचं तोंड बंद करावं आणि हिला उचलून घरी न्यावं. भांडायला मी आणि मार खायला ही, असं झालं होतं.

ॲसिडकाका एकदम मऊ झाले. असा माणूस मऊ झाला की जास्तच भीती वाटते. "वहिनी, त्यांनी बरोबरच सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण ते दवाखान्यातल्या पंधरा दिवसांसाठी होतं. सोळाव्या दिवशी ते स्वतः चालवणार होते."

सासूबाई फळीवरच्या बॅटऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी विचारलं की दुसरा काही उपाय नाही का. आहे, काका म्हणाले. भिंतीतल्या प्लगला लावायचं छोटं यंत्र मिळतं. ते बॅटरी आपोआप भरलेली ठेवतं. मग गाडी चालू करायलाच नको. कुणी खालीसुद्धा जायला नको.

"खाली जायला नको," सासूबाई म्हणाल्या. यंत्राकडे त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाल्या, चल, घरी जाऊ. बॅटरी नको, यंत्र नको, आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. म्हणजे मी पुन्हा तो मेलेला धोंडा उचलून आणला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मला जाग आली ती आवाज नव्हता म्हणून. तीन वर्षं मी त्या घुरघुरीला शिव्या घातल्या, रविवारीसुद्धा झोपू देत नाही म्हणून. आता ती नव्हती, तर घर खायला उठलं. सासूबाई स्वयंपाकघरात किल्ली समोर ठेवून बसल्या होत्या. चहावर साय धरलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. बॅटरी बसली तर दुसरी मिळते. हिने खाली जाणं सोडलं तर मी काय आणणार होते, कुठल्या दुकानातून? मी नवऱ्याला फोन करून उगाचच त्याच्यावर डाफरले.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून आले तर टेबलावर सासूबाईंचं लायसन्स. मुदत संपलेली, फोटोत केस काळेभोर. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलची पावती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्यांना कधीच नव्हती. सरळ म्हणाल्या, दहा दिवस शिकणार, लायसन्स नवं करणार, मग काकांकडे जाणार. मी विचारलं, चौकात बंद पडली तर? त्या म्हणाल्या, पडू दे, आता खेकसणारं कोण आहे? आणि हसल्या, आणि मग डोळे पुसायला लागल्या, आणि मीही.

दीड महिना गेला. स्कूलची गाडी त्यांनी दोनदा फुटपाथवर चढवली, शिकवणारा मुलगा म्हणे देवभीरू झाला. पण लायसन्स मिळालं. आम्ही पुन्हा दुकानात गेलो. या वेळी मी तोंडाला कुलूप घातलं होतं. ॲसिडकाकांनी मला जसं काही बघितलंच नाही, तसे सासूबाईंना तीन प्रश्न विचारले. कोण चालवतं?

"मी," सासूबाई म्हणाल्या. "आठवड्यातून तीनदा, पाऊण तास. घराखाली, छपरात."

काकांनी आहे त्याच मापाची बॅटरी काढली, काटा लावून सासूबाईंना दाखवला, पांढऱ्या रंगाने तारीख घातली आणि स्वतः येऊन बसवून दिली. निघताना गाडीच्या टपावर एकदा हात फिरवला.

सकाळी सातला आम्ही दोघी खाली गेलो. मी शेजारच्या सीटवर बसले. सासूबाई नेहमीसारख्या कडेवर टेकल्या आणि किल्ली हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. असं लोंबकळून पाच मिनिटं उभी गाडी चालू ठेवता येते, रस्त्यावर नेता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी दांड्याकडे बघितलं नाही. एक शब्द बोलले नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं हे माझं मला ठाऊक.

शेवटी त्या वाकल्या. दांडा घट्ट झाला होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला. सीट कुरकुरली, अडली आणि मग खट खट करत चार खाचा पुढे आली. त्या टेकून बसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच पाठ टेकून. क्लच पूर्ण दाबून बघितला.

"अहो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाय पोचले हं माझे."

मला त्या अगं म्हणतात. मी खिडकीबाहेर पत्र्याच्या छपराकडे बघत राहिले, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. मग सासूबाईंनी आरसा आपल्या डोळ्यांपर्यंत खाली केला, किल्ली फिरवली आणि मला पट्टा लावायला सांगितलं.