लांबड्याचं पान

आमच्या आत्याचा राग घरातल्या पंख्यासारखा होता. फिरत असला की कुणाचं लक्ष जात नसे, थांबला की सगळे माना वर करून बघत. जन्मभर तिनं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पोरांनी तिचं नाव 'तोफ' ठेवलं होतं; ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे राहायची. निवृत्त झाल्यावर तोफ थंडावेल अशी आईला आशा होती. कसली थंडावतेय! दूधवाला, मीटर बघायला येणारा, जिन्यात चपलांचा ढीग घालणारे शेजारी, जो टप्प्यात येईल त्याच्यावर डागायची.

पण ही गोष्ट ज्या रागाची आहे, तो राग एका बटणापासून सुरू झाला.

बाबा बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायचे. एका सकाळी ते आरशासमोर उभे राहून मनगटाच्या बटणाशी झटत होते. लावलं की सुटायचं, धरलं की निसटायचं. आत्या दारात चहाचा कप घेऊन बघत होती.

"काय रे बाळ्या, बटण आहे का बँकेचं कुलूप?"

तिनं कप ठेवला आणि त्यांचा हात ओढून खिडकीपाशी नेला. बोटांची टोकं सोललेली, लालभडक. दोन-तीन नखं पुठ्ठ्याचं झाकण उचकटावं तशी मुळापासून वर आलेली.

"कधीपासून?"

"सगळ्यांनाच होतंय, ताई. त्या लांबड्यामुळं."

लांबडं म्हणजे पिंपातलं रसायन. गोंद झटकन धरावा म्हणून ते त्यात ओतायचे. पिंपावरचं नाव वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागे, म्हणून कामगारांनी सापाला म्हणतात तसं त्याला लांबडं म्हणायला सुरुवात केली. हातमोजे मिळायचे, पण कापडी. ते लांबडं पिऊन घ्यायचे आणि दिवसभर बोटांना बिलगून बसायचे. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते नाव मोबाइलवर शोधलं होतं. काही सापडलं नाही, तेव्हा मलम दिलं आणि म्हणाले, साबण बदलून बघा.

"साबण?" आत्या एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "नखं गळताहेत माणसाची आणि हा मेला साबण बदलतोय!"

बाबांचं बटण तिनं लावून दिलं. त्या दिवसापासून रोज तीच लावायची.

तिनं जुनी पुस्तकं काढली, ते रसायन बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक मिळवलं आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, जिथं कुणालाही लिहिता येतं तिथं, लांबड्याचं पान तयार केलं. सूत्र, रंग, वास, कशात वापरतात ते सगळं. शेवटी एक ओळ: 'याच्या सततच्या संपर्कानं बोटांची त्वचा सोलवटते व नखं सुटतात.'

"आता कुठल्याही डॉक्टरनं नाव टाकू दे," ती म्हणाली. "साबण नाही निघणार."

आठवडाही गेला नसेल, पानाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी आली. 'या विषयाची उल्लेखनीयता सिद्ध झालेली नाही. पान काढून टाकावे काय, यावर चर्चा सुरू आहे.' पट्टी लावणाऱ्यानं स्वतःचं नाव घेतलं होतं 'शिस्तप्रिय'.

"नावच बघ मेल्याचं. हा घरात चमचेसुद्धा रांगेत झोपवत असणार."

शिस्तप्रियचं म्हणणं असं: पदार्थ अस्तित्वात आहे एवढ्यानं पान मिळत नाही. बनवणाऱ्या कंपनीचा कागद चालत नाही. कुणीतरी तिऱ्हाइतानं त्यावर काही लिहून छापलेलं हवं. शिवाय शेवटच्या ओळीला आधारच नाही.

आत्यानं लिहिलं, 'आधार माझ्या घरात राहतो. येऊन त्याची बोटं बघा.'

त्यानं लिहिलं, 'आदरणीय सदस्य, घरात पाहिलेली गोष्ट येथे संदर्भ होत नाही.'

'एका राजाच्या घोड्याच्या खोगिराला इथं पान आहे, ते तुम्हाला खुपत नाही?'

'खोगिरावर दोन ग्रंथ आहेत.'

त्या दिवशी आत्या जेवली नाही. आईनं ताट झाकून ठेवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "खोगिरानं घात केला बघ."

खाली लोक 'ठेवा' किंवा 'काढा' असं लिहीत होते, आणि 'काढा'वाले जास्त होते. आता, आत्या शिक्षक संघटनेत वाढलेली. सभा म्हणजे हात वर, आणि ज्याचे हात जास्त त्याचा ठराव, एवढंच तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन बाकावर उभी राहिली. बाबांनी तोंड लपवायला पाण्याचा ग्लास वर धरला. तिनं सगळ्यांना मोबाइल काढायला लावले, कँटीनच्या वायफायवर तिथल्या तिथं खाती उघडून दिली.

तासाभरात चर्चेचं पान भरून गेलं. 'ठेवा.' 'ठेवाच.' 'बाईंचा शब्द म्हणजे शब्द, ठेवा.' एकानं लिहिलं, 'ठेवा, नाहीतर बघून घेऊ.' पॅकिंगवाल्या वहिनींनी तेवढं वेगळं लिहिलं: 'माझी दोन नखं गेली. पोरीची वेणी घालता येत नाही.'

आत्या घरी आली ती निवडणूक जिंकल्यासारखी.

संध्याकाळी निकाल आला. एकाच ठिकाणाहून उघडलेली खाती, म्हणजे एकाच व्यक्तीनं नाचवलेल्या बाहुल्या. येथे डोकी मोजत नाहीत, पुरावे तोलतात. सगळी मतं बाद. पान काढलं. आत्याचं खातंही बंद.

"बाहुल्या?" तिचा आवाज चिरकला. "हाडामासाची माणसं आहेत रे ती! बाहुल्या असतील तुझ्या घरात!"

"ताई," बाबा हळूच म्हणाले, "तू तिथंही मोर्चा नेलास होय?"

"तू गप रे. तुझी नखं गेली तरी जीभ शाबूत आहे!"

शिस्तप्रियनं शेवटी तिच्यासाठी एक निरोप ठेवला होता. 'वेणीबद्दलचे वाचले. ते खरे असावे असे मला वाटते, आणि म्हणूनच ते आधी एखाद्या डॉक्टरने तपासून वैद्यकीय नियतकालिकात छापायला हवे. आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेलेच मांडतो. पहिल्यांदा लिहिणे आमचे काम नव्हे.' उत्तर द्यायची सोय नव्हती, म्हणून तिनं पडद्यालाच शिव्या घातल्या. मग निरोप पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. आणि गप्प झाली. पंखा थांबला. आम्ही सगळे बघायला लागलो.

"बरोबर बोलतोय मेला," ती म्हणाली. "कुणी लिहिलं नाही म्हणून पान नाही, पान नाही म्हणून कुणाला सापडत नाही. मी उगाच याच्याशी भांडत बसले. पेन त्या साबणवाल्याच्या हातात होतं. समोर बसलेली बोटं सोडून तो मोबाइलमध्ये बघत बसला!"

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांच्या स्वतःच्या दवाखान्यात आम्ही सगळे गेलो. वहिनी होत्या, 'बघून घेऊ'वाला होता, सोल विभागातले बरेच जण होते. बाकं पुरली नाहीत. आत्यानं सरळ आतला पडदा बाजूला केला.

"अहो बाई, एकेकानं या," डॉक्टर म्हणाले. "तक्रार काय आहे?"

आत्यानं लांबड्याचं पूर्ण नाव एका दमात म्हटलं. डॉक्टरांचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला. त्यांनी नाव टाकलं आणि मोबाइल तिच्याकडे वळवला. 'या नावाचे पान अस्तित्वात नाही.'

"बघा, यावर कुठं काहीच नाहीये."

"होतं. तुम्ही लिहिलं नव्हतं म्हणून काढलं."

"मी? अहो, माझं काम औषध द्यायचं. हे लिहिणं वगैरे मोठ्या इस्पितळातले लोक करतात."

"ते करतात, कारण त्यांच्यासमोर पेशंट असतात. तुमच्यासमोर काय सोफासेट ठेवलाय?" ती मागं वळली. "दाखवा रे हात."

पडद्याच्या अलीकडं-पलीकडं सगळ्यांनी हात पुढं केले. डॉक्टरांनी मोबाइल खाली ठेवला. चष्मा पुसला. मग बाबांना खुर्चीत बसवून म्हणाले, "जरा बाही वर करा."

बाबा मनगटाच्या बटणाशी झटायला लागले. पकडलं, निसटलं. पुन्हा पकडलं. न राहवून आई पुढं झाली, तसा आत्यानं तिचा दंड धरला. रोज सकाळी ज्या हातांनी ती ते बटण लावायची, ते हात तिनं आता पदराखाली घट्ट आवळून ठेवले होते.

"कुणी मदत करायची नाही," ती म्हणाली, आणि डॉक्टरांकडं वळली. "तुम्ही बघत बसा. किती वेळ लागतो ते बघा. मग कागद घ्या आणि लिहा."