पिसूचं वजन

वारा पहाटेच पडला आणि त्याच्या जागी भुरभुर आली. इथली माणसं तिला पाऊस म्हणत नाहीत. टोपी जड झाली की तेवढं कळतं. सप्टेंबरातलं मोठं उधाण होतं. साडेपाचला भरती टिपेला आली तेव्हा गुल्वेननं आपली होडी पार किनाऱ्यावरच्या गवताला नेऊन टेकवली. आठ वाजता पाणी मागं सरलं, तसा तो उकिडवा बसून तिच्या पोटाखालचं शेवाळ आणि चिकटलेले शिंपले खरवडायला लागला. या होडीला पोटं दोन. म्हणजे खरवडणं दुप्पट, कंबरदुखी दुप्पट, आणि गावाची करमणूकही दुप्पट.

दोन अरुंद होडकी, त्यांना जोडणारा माचा, वर उंच डोलकाठी, लांबी साडेआठ मीटर. गुल्वेन पोटासाठी गावोगावचे बॉयलर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात नऊ वर्षं एका रिकाम्या गोठ्यात हिला बांधत होता. नाव ठेवलं ‘ला प्यूस’, म्हणजे फ्रेंचमध्ये पिसू. पिसूसारखी हलकी आणि पिसूसारखीच चपळ. वजन अकराशे किलो, हे तो न विचारताही सांगायचा, पावाच्या दुकानात रांगेत उभा असतानासुद्धा. ही गुडघाभर पाण्यात तरंगते, असं तो पहिल्या वर्षी म्हणत असे. सांगता सांगता गुडघ्याचा घोटा झाला होता.

वेगवान होडी वजनानं मरते, हा त्याचा धर्म. त्यापायी त्यानं टूथब्रशांचे दांडे अर्धे कापले. संडासाचं दार काढून पडदा लावला. कालवांच्या टोपल्या तोलायचा काटा धक्क्यावरच्या खांबाला टांगला आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू त्यावर लटकवली. बायकोनं, सोआझिगनं, हौसेनं पिसांची रजई आणली. ती तोलून परत गेली. मग बिडाचा तवा परत गेला. मग सोआझिगच परत गेली. तीन उन्हाळे तिनं होडीवर पाय ठेवला नव्हता.

येत्या शनिवारी मात्र ती यायला तयार झाली होती. लग्नाला तीस वर्षं होत होती. बेल-ईल बेटावर चार रात्री राहायचं ठरलं. अट एकच, शनिवारी सकाळी सातला होडी पाण्यात तयार हवी. नसली तर ती आठच्या गाडीनं कँपेरला बहिणीकडे जाणार, आणि होडीचा विषय पुन्हा घरात निघणार नाही. हे ती बटाटे सोलत, आवाज न चढवता म्हणाली होती. म्हणून तर गुल्वेनची गाळण उडाली होती.

आज बुधवार. अकराच्या सुमारास ओहोटी लांब गेली आणि अर्धं गाव बादल्या, दाताळी घेऊन वाळूतले तिसऱ्या शिंपले खणायला उतरलं. सगळ्यांच्या पुढं मारिवॉनमावशी, गुल्वेनच्या आईची धाकटी बहीण. वय ऐंशी, गमबूट मांडीपर्यंत. ती होडीपाशी थांबली. तिनं आधी गवतात पहाटेच्या पाण्यानं सोडलेली ओल्या काडीकचऱ्याची रेघ बघितली, आणि मग होडी.

“अगदी टिपेला आणलीस का रे?”

“टिपेला, मावशी. दुसरी कुठली होडी इतकी वर येते, सांग.”

“येते की. शहाणा माणूस आणत नाही, एवढंच.” मावशीनं दाताळं खांद्यावर घेतलं. “पहाटेचं पाणी या उधाणातलं सगळ्यात मोठं. संध्याकाळचं दोन बोटं कमी येणार, उद्याचं वीतभर कमी, आणि मग भांगाचं पाणी, ते इथवर पोचतच नाही. मी पुढच्या महिन्यात येईन तिसऱ्यांना, तेव्हा भेटशीलच इथं.”

गुल्वेननं खिशातलं भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं. ते त्याला तोंडपाठ होतं. खरवडायला किती तास मिळतील हे त्यानं तीनदा बघितलं होतं. पाणी किती वर चढेल हे एकदाही नाही. होडी इतकी वर चढवायची तर पुढचं पाणी तिथवर येईल का हे मालकानं आधी बघावं, एवढं साधं गणित. पण मालक आपल्या होडीच्या उथळपणावर खूश होता, आणि स्वतःचा उथळपणा काही त्याला दिसला नव्हता.

दोन बोटं. तेवढी होडी वर उचलायची तर तीनशे किलो तरी उतरवायला हवेत. जिच्यात रजई मावली नाही त्या होडीत तीनशे किलो कुठून सापडायचे, या विचारात तो खरवडणी हातात धरून बसला असताना सोआझिग आली. ती शाळेत स्वयंपाक करायची; इथं बुधवारी शाळा बंद. हातात बादली, तिसऱ्यांसाठी. त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं बादली वाळूत रोवली, ती शिडी चढली आणि डाव्या होडक्यात उतरली.

मग आतून वस्तू यायला लागल्या. गंजक्या साखळीचं चाळीस मीटरचं भेंडोळं आलं. दुसरा नांगर आला, त्याच्यामागून तिसरा. बंद पडलेलं जुनं इंजिन दोघांनी मिळून उतरवलं. उजव्या होडक्यातून पान्यांची पेटी, लोखंडी शेगडा, मेव्हण्यानं दिलेल्या सफरचंदाच्या दारूच्या, सीडरच्या, चोवीस बाटल्या आणि बॉयलरच्या पितळी व्हॉल्व्हची दोन खोकी निघाली. तिसऱ्या खणणारे हळूहळू जवळ आले. कुणीतरी धक्क्यावरून काटाच काढून आणला आणि शिडाच्या आडव्या दांड्याला टांगला. मावशी एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती, देवळात प्रार्थना म्हणावी तशी. गुल्वेन मान खाली घालून वस्तू वाहत होता. त्यातली एकही परकी नव्हती. प्रत्येक वस्तू आत नेताना तो काट्याकडे पाठ करून गेला होता, आणि कोणत्या दिवशी, हेही त्याला आठवत होतं.

मावशीचा आकडा तीनशे दहावर थांबला. म्हणजे आता होडी खरोखर अकराशेची झाली. गुल्वेन इतकी वर्षं खोटं बोलत नव्हता, जरा लवकर बोलत होता.

सोआझिग माच्याच्या कडेवर बसली. हात ग्रीसनं काळे झाले होते.

“मला वाटायचं, होडीच लहान आहे,” ती म्हणाली. “म्हणून मला जागा नाही.”

चांगलं काहीतरी बोलायची हीच वेळ होती. गुल्वेनला कळत होतं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

“या मापाचे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत गं.”

मावशीनं कपाळाला हात लावला. सोआझिग त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या नाकातून एक हसू निसटलं. गुल्वेनला तेवढं पुरलं.

सहाला पाणी आलं. डावं होडकं हललं, उजवं वाळू सोडेना. गुल्वेन सोआझिगला म्हणाला, तूही उतर, पासष्ट किलो कमी होतील. काठावरून मावशी म्हणाली, “तिला राहू दे, मेल्या. तू घाल खांदा.”

त्यानं छातीभर पाण्यात खांदा घातला, गावातल्या चारजणांनी हात लावले, आणि पाणी उतरायला लागणार त्याच घटकेला पिसू सुटली. ती इतक्या हलकेपणानं सुटली की गुल्वेन तोंडावर पडला. उठून बघतो तर सुकाणू सोआझिगच्या हातात, आणि होडी छोट्या इंजिनावर खोल पाण्यातल्या तरंगत्या बोयाकडे सरळ चाललेली. उजवं होडकं खरवडायचं राहूनच गेलं होतं. शनिवारी होडी जरा उजवीकडे ओढणार. शनिवार उजाडला तर.

बोयाला दोर बांधून, तिथं ठेवलेली लहान डिंगी वल्हवत सोआझिग परत आली. गुल्वेन अजून पाण्यातच उभा होता.

“शनिवारी सातला,” ती म्हणाली. “गवतावर पडलंय त्यातलं काही परत चढणार नाही.”

“नांगर तरी?”

“होडीवर आहे तो पुरे.”

तो हो म्हणाला. न तोलता म्हणाला. मग ओल्या विजारीनं चढण चढून घरी गेला आणि व्हॉल्व्हची खोकी वाहायला ढकलगाडी काढली. चाकात हवा नव्हती. तो पंप शोधायला लागला.