सासऱ्यांचा डोंगा

रस्त्यावर डांबर शिजत असलं की मला लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतो. अर्जुनी मोरगावकडचं आमचं सासर, गावाला लागून तलाव. आदल्या पावसाळ्यात सासरे त्याच तलावात बुडाले होते. सासूबाईंनी त्यांच्या डोंग्याला नव्यानं डांबर लावलं आणि एका सकाळी आम्ही दोघी तो पाण्यात लोटायला गेलो. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसतं काठाला चुबुकचुबुक वाजत होतं. उतार ओला, डोंगा रिकामा, तरी तो तसूभरही हलेना. "खाली गोटा अडकला असन," म्हणत मी वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. सासूबाईंनी हात काढला, पदर सावरला आणि रिकाम्या डोंग्याला म्हणाल्या, "उतरा ना जी थोडसे. पोरगी थकून राहिली." पुन्हा हात लावताच डोंगा अलगद पाण्यात घसरला. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "भेऊन काऊन राहिली वो? आपलाच मानूस हाय," असं म्हणून त्या पुढच्या टोकाला बसल्या. मी मधे बसले, तोच माझ्या मागचं टोक कोणी चढल्यासारखं पाण्यात दबलं. सासूबाई वळल्यासुद्धा नाहीत, वल्हं मारू लागल्या. आता त्याही नाहीत आणि डोंगा मी एकटीच नेते. पण त्यांच्यासारखं मागच्या टोकाकडे पाठ करून निवांत बसायला मला पुढे फार वर्षं लागली.