चित्रात कोण नाही, ते आधी बघा

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी यावलला लेकीकडे होते. सकाळची वेळ, आम्ही दोघी गच्चीवर जुन्या साडीवर उडदाचे पापड वाळत घालत होतो. फोनवर त्यांची मुलगी नसीम होती. "आत्या, अब्बा गेले... झोपेतच. मी चहा घेऊन गेले तर उठलेच नाहीत." तासाभरात मी एसटीत होते. जळगावला गाडी बदलून भडगावच्या गाडीत बसले, तर समोर ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर एका शिकवणी वर्गाची जाहिरात. हसणारी मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खाली लिहिलेलं, 'स्वप्न तुमचं, जबाबदारी आमची'. माझ्या मनात सवयीने आलं, नापास झाली तर जबाबदारी कोणाची, ते कुठे लिहिलंय? हे सलीमभाईंना सांगायला पाहिजे... आणि मग आठवलं, आपण कुठे चाललो आहोत. तोवर कोरडी बसलेल्या मला तिथे रडू फुटलं. शेजारच्या अनोळखी बाईने काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली.

त्याला आता सात आठवडे झाले. लिहायला बसले तर रडू कमी आणि हसूच जास्त येतंय, म्हणून लिहितेच.

सलीम पेंटर हे नाव आमच्या तालुक्यात कोणाला सांगावं लागत नसे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती, सगळं त्यांच्या हातचं. भडगावच्या स्टँडजवळ त्यांचं छोटंसं दुकान होतं. दाराला एक काळा फळा ठोकलेला, आणि दर बाजाराच्या दिवशी सकाळी ते त्यावर खडूने एक व्यंगचित्र काढायचे. कधी मंत्री, कधी नगरसेवक, कधी खड्ड्यात साचलेलं कमळाचं तळं आणि त्यात पोहणारा इंजिनिअर. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन तिथे थांबायचे, हसायचे, वाद घालायचे. मी तेव्हा त्या वाटेला कधी गेले नव्हते. माझं गाव गिरणेच्या पलीकडे, मी बारावी झालेली, महिला राखीव जागेवर नुकतीच सरपंच झालेली. डोक्यावरचा पदर अजून ढळला नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीतली कमलअक्का धापा टाकत घरी आली. "सरपंचबाई, तुन्हं चित्र काढेल शे फळावर! बठ्ठा दखी राहिनात!"

माझं चित्र फळ्यावर, आणि सगळे ते बघतायत! मी तशीच निघाले. फळ्यापुढे वीस-पंचवीस माणसं. चित्रात एक खुर्ची, खुर्चीवर 'सरपंच' अशी पाटी, आमच्या गावाचं नाव, आणि खुर्चीत एक बाई. बाईला तोंडच नव्हतं. नुसता पदर. तिच्या मागून पुरुषाचा एक जाडजूड हात आला होता आणि त्याने तिचं मनगट धरून कागदावर सही चालवली होती. मला बघून माणसं हसायची थांबली. सलीमभाई स्टुलावर बसून ब्रश धूत होते. मी विचारलं, "हे तुम्ही काढलं?"

"हो."

"मला कधी भेटलात?"

"नाही ताई. पण हे तुमच्यावर नाही, सगळीकडे असंच चालतं..."

"मग गावाचं नाव आमचंच का लिहिलं?" मी थांबले नाही. "मी प्रत्येक कागद वाचून सही करते. तुमच्या चित्रातल्या बाईला वाचायला डोळे नाहीत, बोलायला तोंड नाही. म्हणजे ती बोलणारच नाही, हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं. तिच्यावर अन्याय होतोय असं दाखवता, आणि तिचं तोंड तुम्हीच पुसता!"

सलीमभाई उठले, फळ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता हा माणूस भांडणार. ते म्हणाले, "बरोबर आहे. माझं चुकलं." भर बाजारात, चारचौघांत, एवढ्या सहज चूक कबूल करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी ओल्या फडक्याने तेवढा पदर पुसला आणि खडू घेऊन विचारलं, "चेहरा कसा काढू?"

"कसाही काढा. तोंड उघडं काढा."

त्यांनी काढलं. बाई आता काहीतरी ठासून सांगत होती. मग त्यांनी खडूचं टोक त्या जाडजूड हातावर ठेवलं आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, हा हात? ठेवू की पुसू?"

त्या प्रश्नाने मी अडकले. खरं सांगायचं तर चित्र झोंबलं होतं ते अर्धं खरं होतं म्हणून. सह्या मी वाचून करत होते, पण ग्रामसभेत बोलायचे आमचे हे. अधिकारी आले की खुर्ची ओढून बसायचे ते, आणि मी चहा सांगायला आत. 'पुसा' म्हटलं असतं तर त्यांनी पुसलाही असता. मी म्हटलं, "राहू द्या." आणि मागे न बघता स्टँडकडे गेले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. "हात ठेवायला मीच सांगितलाय. पुसायचा की नाही, ते तुम्ही बघा." पुढच्या ग्रामसभेला हे आले, चपला काढल्या, आणि सरळ मागे जाऊन सतरंजीवर शेवटच्या रांगेत बसले. मला बोलताना घाम फुटला होता, पण मी बोलले. सभा संपल्यावर ह्यांनीच विचारलं, "त्या पेंटरला एकदा जेवायला बोलवायचं का?"

सलीमभाई आले, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर पोटभर जेवले, आणि निघताना म्हणाले, "ताई, मी तीस वर्षं लोकांची चित्रं वाचतो. माझं स्वतःचं वाचून दाखवलं तुम्ही पहिल्यांदा. हे तुमच्या गावातल्या बायांना जमायला पाहिजे."

त्यातूनच रविवारची ती बैठक सुरू झाली. मराठी शाळेच्या ओट्यावर बचत गटाच्या बाया, सातवी-आठवीच्या मुली आणि मध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन सलीमभाई. एकेक जाहिरात वर धरायची आणि म्हणायचं, "चित्रात कोण आहे ते सगळ्यांनाच दिसतं. कोण नाही, ते आधी बघा." सिमेंटची जाहिरात होती, आजोबा, बाप, मुलगा, तिघे मजबूत घरापुढे उभे, 'पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास'. एक मुलगी म्हणाली, "ह्या घरात पोरीच जन्मल्या नाहीत का?" सलीमभाई इतके खूश झाले की टाळी द्यायला हात पुढे केला. दुसऱ्या जाहिरातीत लिहिलेलं, 'डॉक्टरांची पहिली पसंती'. कमलअक्का लगेच, "कोणता डॉक्टर? आपला भडगावचा तर काही बोलना नही!" ते सांगायचे, जाहिरात कधी खोटं बोलत नाही, अर्धं बोलते. उरलेलं अर्धं आपल्या डोक्यात आधीपासून असतं, ते ती वापरून घेते. गोरी मुलगी आनंदी दाखवली, की काळी दुःखी असणार हे आपलं आपणच म्हणतो. आपल्याकडून वदवून घेतलेलं आपल्याला आपलंच मत वाटतं...

व्यंगचित्रांनाही तोच न्याय. आपल्याला न आवडणाऱ्या पुढाऱ्याचं चित्र बघून आम्ही हसलो, की ते मुद्दाम तेच चित्र आपल्या आवडत्या पुढाऱ्याचं आहे असं समजून बघायला लावायचे. "आता का हसू येत नाही? चित्र तर तेच आहे." मी एकदा चिडून विचारलं, "तुम्ही स्वतः भिंतीवर त्याच जाहिराती रंगवता, त्याचं काय?" ते मिश्किल हसले. "रंगवतो ना. म्हणून तर आतली गोष्ट माहीत आहे."

माझ्या दुसऱ्या निवडणुकीचा बॅनर त्यांनीच केला. मी मजकूर दिला, 'गावची लेक, गावची सून'. त्यांनी चष्मा वर केला. "लेकी-सुना घरोघरी आहेत ताई. तुमचं काम कुठंय ह्यात?" मी रागाने बदललं, 'नळाला पाणी आलं की नाही, तुम्हीच सांगा!' मला वाटलं आता शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "चांगलंय. पण ज्याच्या नळाला नाही आलं, तो हे वाचून काय म्हणेल?" वरच्या गल्लीत पाइप पोचला नव्हता. मी म्हटलं, चार घरं तर आहेत. बॅनर तसाच लागला, आणि त्या चार घरांनी, त्यांच्या भाऊबंदांनी मिळून मला पाडलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "मतदार वाचायला शिकले ताई. तुम्हीच शिकवलं." मी रडत होते, ती हसायला लागले. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं वरच्या गल्लीच्या पाइपाचा अर्ज घेऊन पंचायत समितीत उभे होतो. सरपंच नसताना.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी मी बचत गटाच्या बाया घेऊन नसीमला भेटायला गेले. आता दुकान तीच चालवते. स्टँडवर उतरलो तर चौकात भला मोठा फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे सलीमभाई, आणि खाली तीन रांगांत पुढारी, सगळे हसरे, एकाला तर काळा गॉगल, आणि त्यांच्याखाली लिहिलेलं, 'शोकाकुल'. आम्ही थांबलो. कमलअक्काने डोळे बारीक करून ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "यामा मरेल कोण शे?" यातला मेलेला कोण, ते खरंच कळत नव्हतं.

हसू आवरेना. भर चौकात आम्ही सात-आठ बाया पदर तोंडाला लावून हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज ऐकून नसीम दुकानातून बाहेर आली. आम्ही एकदम ओशाळलो. तिने एकदा आमच्याकडे, एकदा फ्लेक्सकडे पाहिलं. म्हणाली, "आत्या, अब्बांचं नाव बघितलं का?" मी बघितलं. 'सलिम' लिहिलं होतं, पहिली वेलांटी.

ती आत गेली, शिडी आणि दोन डबे घेऊन आली. पहिली वेलांटी पांढऱ्या रंगाने झाकली, वाळू दिली आणि मग काळ्या ऑइलपेंटने, एका दमात दुसरी वेलांटी ओढली. उतरून चार पावलं मागे आली, मान तिरकी करून बघितलं, आणि परत चढून वेलांटीचं टोक जरासं खाली आणलं.

फ्लेक्स अजून तिथेच आहे, कोणी काढला नाही. खानदेशच्या उन्हाने त्याची शाई उडत चाललीय, पुढाऱ्यांचे चेहरे पिवळट झालेत, गॉगल तेवढा ओळखू येतो. नसीमची वेलांटी मात्र काळीभोर आहे. मी भडगावला गेले की स्टँडवर उतरून आधी ती बघते आणि मगच पुढच्या कामाला लागते.