भिंतीतला रिकामा पाइप

तारकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींकडे बघत. यजमान 'या, बसा' म्हणत असायचा आणि काकांची नजर छताच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, फ्रीजच्या मागून फिरून यायची. कुठे वायर लोंबकळताना दिसली की त्यांना पुढे चहा गोड लागत नसे. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचं वायरिंग केलं आणि त्यात त्यांचा एकच हट्ट होता, वायर असावी पण दिसू नये. काम संपलं की कुठून कोणता पाइप गेला याचा नकाशा काढून ते मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवत. तारकाका हे नाव गल्लीने ठेवलं होतं आणि ते त्यांना सरकारी पदवीसारखं शोभायचं.

फक्त स्वतःच्या घराचा नकाशा त्यांनी काढला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घर बांधलं तेव्हा दिवसभर लोकांची कामं करायची आणि उरल्या वेळात आपल्या भिंतीत पाइप पुरायचे, अशी सगळी घाई. पण त्या घाईतही त्यांनी एक जास्तीचा पाइप टाकला होता, बाहेरच्या खोलीतून थेट मागच्या खोलीत. तेव्हा बायकोला म्हणाले होते, "हा फक्त तुझ्या गाण्यांसाठी. बाहेर गाणं लावलं की तुझ्या मशीनपाशी वाजेल."

काकू मागच्या खोलीत शिवणकाम करत. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याच्या खोळी. गाण्याशिवाय त्यांचा हात चालत नसे, आणि गाणी लावायचं यंत्र बाहेरच्या खोलीत. मशीनच्या खडखडाटात निम्म्या ओळी बुडायच्या. त्यामुळे बावीस वर्षं त्या घरात दिवसातून दहा वेळा एकच वाक्य ऐकू यायचं, "अहो, जरा आवाज वाढवा." काका आवाज वाढवत आणि पुढच्या महिन्यात वायर टाकूच म्हणत. कोणाच्या बंगल्याचं काम निघायचं, कोणाच्या दुकानाचं. पुढचा महिना काही आला नाही.

आता काका काम सोडून घरी बसले होते आणि काकूंना सोमवारी साठ वर्षं पूर्ण होणार होती. शुक्रवारी मुलगी एक खोकं घेऊन आली. आत दोन बिनवायरचे स्पीकर.

"आई, एक बाहेर ठेवायचा, एक तुझ्या खोलीत. फोनवर गाणं लावलं की दोन्हीकडे वाजतं," ती म्हणाली. "दुकानदाराने तीन दिवस वापरून बघायला दिलेत. नाही आवडले तर सोमवारी परत."

यंत्र वाईट निघेल याची काकांना भीती नव्हती. चांगलं निघेल याची होती. ते चांगलं निघालं की भिंतीतला पाइप जन्मभर रिकामा राहणार, आणि बायकोला दिलेला शब्दही त्याच्यासोबत भिंतीत गाडला जाणार. पण हे मुलीला सांगायचं कसं? म्हणून ते खोकं उपसत बसले.

"बिनवायरचं म्हणे," त्यांनी एकेक वस्तू जमिनीवर मांडली. "ही एक वायर. ही दुसरी. आणि ही तिसरी."

"बाबा, त्या चार्जिंगच्या आहेत."

"मग वायरीवाचून उपाशी राहणारं यंत्र आहे असं सांग ना सरळ."

मुलगी हसली आणि निघून गेली. बापाशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

स्पीकर मात्र झकास वाजले. काकू मान डोलावत शिवत होत्या आणि अख्ख्या शुक्रवारी त्यांनी एकदाही आवाज वाढवायला सांगितलं नाही. शनिवारी सकाळी त्या भाजी आणायला गेल्या तेव्हा काकांनी मागच्या खोलीतला स्पीकर उचलून लोखंडी कपाटात ठेवला. वर दोन गोधड्या टाकल्या, दार लावलं आणि बाहेरून गाणं सुरू केलं. लोखंडाच्या आत बिनवायरचा कारभार थांबतो असं त्यांनी ऐकलं होतं. थांबला नाही. गोधड्यांखालून गाणं घुमत राहिलं, आणि काकू पिशवी घेऊन दारात उभ्या.

"कपाटाला गाणी ऐकवताय?"

"परीक्षा घेतोय," काका म्हणाले.

"कोणाची?"

काकांनी गोधड्यांच्या घड्या घातल्या. मग घसा साफ करून म्हणाले, "आपला तो पाइप आहे भिंतीत. त्यातून वायर टाकली तर?"

काकू भाजी निवडायला बसल्या होत्या. "मला गाणं ऐकू येण्याशी मतलब. ते भिंतीतून आलं काय नि हवेतून आलं काय."

ही तर पाइप विसरूनही गेली, असं काकांना वाटलं. ते त्यांना फार लागलं. पण त्यांनी चपला घातल्या आणि तडक दुकान गाठलं.

दुकानदाराने आदराने स्पीकरच्या चार जोड्या लावून दाखवल्या. काकांनी त्या आधी उलट्या फिरवल्या. वायर कुठे घुसते, पकड पितळेची की पत्र्याची, स्क्रू सैल तर नाहीत, सगळं बोटाने चाचपून पाहिलं.

"काका, आवाज तरी ऐका."

"पाठ बघितली की पोटातलं कळतं," काका म्हणाले आणि सगळ्यांत साधी, लाकडी पेटीची वायरवाली जोडी घेऊन आले. वायर मात्र भारीतली घेतली, मोजून पंधरा मीटर.

रविवारी दुपारी मागच्या खोलीत मशीन चालू झालं आणि काकांनी बाहेरच्या खोलीत बोर्ड उघडला. पाइपचं तोंड तिथेच होतं, आपल्या हाताने बसवलेलं. त्यांना बरं वाटलं. त्यांनी वायर ओढायची लवचिक पोलादी पट्टी काढली आणि पाइपात सरकवली. पट्टी आधी सुरळीत गेली. दोन मीटर, चार मीटर, वळणावर थोडी अडली, पुढे गेली. नऊ मीटरला ठप्प झाली.

काकांनी पट्टी मागे घेतली, फिरवली, पुन्हा ढकलली. तिथेच ठप्प. दुसरं टोक खिडकीशेजारी काढलं होतं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. काहीतरी शोधत असल्याचं सोंग करून ते मागच्या खोलीत गेले आणि खिडकीशेजारची भिंत बोटाने वाजवत राहिले. सगळीकडे भरीव. काकूंनी मान वर केली नाही. मशीनच्या बाजूला, भिंतीवर पार कमरेइतकं खाली, कॅलेंडर लटकत होतं. ते तिथे कायमच असायचं. "हे काय मांजराला तारीख बघायला लावलंय?" असं काका दर वर्षी एकदा तरी विचारत आणि काकू दर वर्षी तिथेच खिळ्याला नवं अडकवत.

काका परत बाहेर येऊन जमिनीवर बसले. काय झालं असेल ते त्यांना कळून चुकलं होतं. घराला दोनदा रंग लागला, दोन्ही वेळा ते कामावर होते. रंगाऱ्यांना भिंतीत भोक दिसलं की ते लांबीचा लगदा भरून मोकळे. लोकांच्या घरी त्यांनी शंभर वेळा रंगाऱ्यांना बजावलं होतं, भोकं बुजवू नका. स्वतःच्या घरी बजावायला कोण होतं? आता भिंत फोडायची म्हणजे धूळ, शिव्या आणि पुन्हा रंग. तेही साठीच्या आदल्या दिवशी.

राहू दे, ते स्वतःशी म्हणाले. मुलीचंच राहू दे. वाजतं तर चांगलंच. त्यांना वाईट वाटलं, अगदी स्पष्ट, सरळ वाईट वाटलं. गावभरातली घरं उजळली आणि एका पाइपात एक वायर टाकायला बावीस वर्षांत सवड झाली नाही. त्यांनी पट्टी मागे ओढायला हात लावला.

पट्टी हातातून पुढे सरकली.

काका बघत राहिले. पट्टीला पलीकडून एक हिसका बसला, मग दुसरा. मशीनचा आवाज थांबला होता. आणि बोर्डातून, त्या पाइपाच्या तोंडातून, अगदी कानाशी बोलावं तसा काकूंचा आवाज आला.

"अहो, ओढू का?"

काका उठले, पायांना मुंग्या आल्या होत्या तरी मागच्या खोलीत पोचले. कॅलेंडर मशीनवर पडलेलं. जिथे ते लटकायचं तिथे भिंतीत चौकोनी पेटी, तिच्यातून पट्टीचं टोक बाहेर आलेलं आणि ते काकूंच्या मुठीत. दुसऱ्या हातात जुन्या पडद्याच्या कापडाचा घट्ट बोळा.

"मागून खरवडल्यासारखं वाजायला लागलं, तेव्हा कळलं," काकू म्हणाल्या. "धूळ जाऊ नये म्हणून मीच कोंबला होता हा. मध्ये दोनदा बदलला."

"आणि रंगारी?"

"आले होते बुजवायला. दोन्ही वेळा म्हटलं, तिथे हात लावू नका. तिथे यांचं काम व्हायचंय."

काकांनी कॅलेंडर उचललं आणि उगाच त्याची धूळ झटकली. "मग काल असं का म्हणालीस? भिंतीतून काय नि हवेतून काय?"

"बावीस वर्षं आठवण करून दिली असती तर तुम्ही वायर टाकली असती, पण तोंड वाकडं करून. मला ती तुमच्या मनाने टाकलेली हवी होती. आता ओढू का सांगा, हात दुखतोय माझा."

मग दोघांनी मिळून वायर ओढली. काका बाहेरून सोडत होते, काकू आतून घेत होत्या, आणि मध्ये पाइपातून 'थांबा', 'हळू', 'आता द्या' असं चाललं होतं. पाच वाजता काकांनी शेवटचा स्क्रू पिळला. सोमवारी मुलगी खोकं न्यायला आली तेव्हा ते तिलाच ठेवून घ्यायला सांगितलं, कारण तिच्या घरात रिकामा पाइप नव्हता. जाण्याआधी बाबांनी तिला मीटरच्या पेटीचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला या घराचा नवाकोरा नकाशा चिकटवलेला होता.

पण ते नंतरचं. रविवारी पाच वाजता काकांनी बाहेरच्या खोलीत गाणं लावलं, सवयीने बटण भरपूर फिरवलं आणि कान टवकारून उभे राहिले. मागून मशीनचा खडखडाट, त्याच्यावर गाणं, आणि लगेच काकूंची हाक.

"अहो, जरा कमी करा."

बावीस वर्षांत हे वाक्य काकांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी अगदी सावकाश, एकेक खाच मोजत, आवाज कमी केला.