उभ्या गव्हाच्या धुऱ्यावर

आमचं पोस्टिंग शांतिसेनेत, परदेशातल्या एका पठारावर होतं. पठार एका देशाचं, ताबा दुसऱ्याच्या फौजेचा. मध्ये पांढऱ्या पिंपांची रांग आणि निळ्या हेल्मेटातले आम्ही. निघण्याआधी एका मेजरसाहेबांनी क्लास घेतला होता: फौज येऊन बसली म्हणून जमीन तिची होत नाही, आणि तिथल्या माणसाला शेती करू द्यावीच लागते. बळी तो कान पिळी, हे मात्र क्लासमध्ये नव्हतं. मी हवालदार, बोरगाव मेघेचा. सेक्शनमध्ये नाईक गजानन, तळेगावचा. एकाच जिल्ह्याचे, म्हणून तो मला भाऊच म्हणायचा.

सकाळी पेट्रोल, दुपारी रिपोर्ट. त्या फौजेने हद्दीची पिंपं पुढे सरकवली की आम्ही वर कळवायचं. आम्ही कळवत राहिलो, ते सरकवत राहिले.

एका म्हाताऱ्याचं वावर असंच रांगेपलीकडे गेलं. गहू कापणीला आला, तेव्हा दोन्हीकडून कसाबसा होकार मिळाला. त्याला घेऊन आम्ही निघालो. सॅपर्सनी सुरुंग तपासून झेंड्या लावलेली वाट उभ्या पिकातून जात होती.

"झेंड्या सोडायच्या नाहीत," मी बजावलं.

"भाऊ, पिकातून चालाचं?"

"चाल."

गजानन चालला. बुटाखाली लोंब्या मोडत होत्या. जन्म शेतकऱ्याच्या घरचा. त्याला ते बघवेना. नकळत तो बाजूच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढला. आपल्याकडे सगळेच चढतात. स्फोट झाला.

पाय गेला होता, पण तो शुद्धीवर होता. मी मांडीला पट्टा आवळला आणि वायरलेस उचलला.

"चार्ली वन. कॅज्युअल्टी वन. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"चार्ली वन, वेट. ओव्हर."

वरचं आभाळही वादातलं होतं. ताबेवाली फौज म्हणत होती, आमच्याकडे परवानगी मागा. हेडक्वार्टर म्हणत होतं, मागितली तर त्यांचा हक्क मान्य केल्यासारखं होईल. न मागता हेलिकॉप्टर आलं तर ती फौज पाडेल. मी पुन्हा पुन्हा कॉल दिला. पुन्हा पुन्हा तेच, वेट. त्या शब्दाचा मला आजही संताप येतो.

"भाऊ, येऊन राह्यलं का?"

"येऊन राह्यलं."

आलं, तेव्हा घाई संपली होती.

सुट्टीवर आलो तो आधी तळेगावला गेलो. गजाननचे वडील ओट्यावर बसले होते. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो, ताजा हार घातलेला.

"धुऱ्यावर काऊन गेला तो?"

"गहू उभा होता, काका."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, आणि मला तेच सोसवेना.

"मंग निघाला का त्या मानसाचा गहू?"

"नाई काका. त्या दिवसापासून वावर बंद केलं. सारा गहू जागीच झडला."

काकांनी फोटोकडे पाहिलं.

"मंग तुडवाचा होता ना रे, गजू."